तीन निवडणुका आणि एकही अर्ज नाही

23 नोव्हेंबर 2024, शनिवार. दुपारपर्यंत सेलूत सगळ्यांना कळलं होतं. वर्धा मतदारसंघातून भाजपचे डॉ. पंकज भोयर तिसऱ्यांदा निवडून आले आणि काँग्रेसचे शेखर शेंडे त्यांच्याकडून तिसऱ्यांदा हरले. चौकात फटाके वाजत होते. आमच्या गल्लीत टीव्हीचे आवाज बारीक झाले. शेजारचे चाचा ओट्यावर बसून म्हणाले, "अपना आदमी गया. अब पाँच साल चुप बैठो."

निकालाचा राग मला आला नाही, तो अपेक्षितच होता. राग आला त्या 'चुप बैठो'चा. आणि 'अपना आदमी' म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला मत दिलं तो आपला आणि ज्याला दिलं नाही तो परका, एवढंच आपलं राजकारण असेल तर दहा वर्षं आपल्याला आमदारच नव्हता असं म्हणावं लागेल. आपण खरंच तसंच वागलो, आणि हा लेख त्याच वागण्याविरुद्ध आहे. भोयर साहेबांवर मी टीका करणार आहे. पण त्याआधी आणि त्याहून जास्त मला आपल्याच ओट्यांवर बोलायचं आहे.

जे इकडचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं. सेलू म्हणजे नागपूर-वर्धा रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. एके काळी केळीच्या बागांसाठी ओळखलं जायचं, आता कापूस आणि सोयाबीन. तालुका एक आणि आमदार दोन अशी आमची गंमत आहे. सिंदी रेल्वेकडचा भाग हिंगणघाट मतदारसंघात जातो, सेलू गाव वर्ध्यात. जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 13 लाख होती, त्यात आपण शंभरात साधारण चार. म्हणजे मालेगाव किंवा भिवंडीचं गणित इथे कुणी लावू नये. मुस्लिम आमदार हा विषय आमच्याकडे स्वप्नातही येत नाही.

आता भोयरांची वाटचाल बघा, कारण ती आपण कधी नीट बघितलीच नाही. हा माणूस संघाच्या शाखेतून वर आला असेल असं आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना वाटतं. तसं नाही. ते युवक काँग्रेसमधून आले. 2014 च्या विधानसभेच्या तोंडावर भाजपमध्ये गेले, तिकीट मिळवलं आणि निवडून आले. त्या वर्षी काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले, भाजप आणि शिवसेनाही वेगवेगळे, मतं चारी दिशांना फुटली. 2019 ला पुन्हा तेच, 2024 ला पुन्हा तेच. 15 डिसेंबर 2024 ला नागपूरच्या राजभवनात शपथ घेऊन ते राज्यमंत्री झाले. खाती बघा: गृह (ग्रामीण), गृहनिर्माण, शालेय शिक्षण, सहकार, खनिकर्म. वर्ध्याचं पालकमंत्रिपदही त्यांच्याकडेच.

ही यादी एकदा परत वाचा. सेलूचं पोलीस ठाणं ज्या गृह खात्यात येतं, तिथे आपला आमदार. आपली पोरं ज्या शाळांत शिकतात त्या खात्यात आपला आमदार. ज्या घरकुलासाठी आपल्या खाला चकरा मारून थकल्या, त्या खात्यातही तोच. महाराष्ट्रात किती गल्ल्यांना असा आमदार मिळतो? आणि आपण म्हणतो, चुप बैठो.

"त्याला आपल्या मतांची गरजच नाही," हे चाचांचं पुढचं वाक्य. गणित करू. तिन्ही वेळा भोयर आणि शेंडे यांच्यातला फरक दहा हजारांच्या खाली राहिला, मागच्या दोन वेळा तर आठ हजारांच्याही आत. इथे आपली हुशार मंडळी लगेच कागद-पेन काढतात. मतदारसंघात आपली मतं इतकी, फरक इतका, म्हणजे आपण ठरवलं तर सीट पलटते! हे मी 2019 लाही ऐकलं, 2024 लाही ऐकलं. पण भावांनो, आपली मतं तर आधीच त्या हरलेल्या ढिगात होती. ती धरूनच शेंडे हरले. तीच मतं पुन्हा एकदा त्याच ढिगात टाकून सीट कशी पलटेल? मतदान शंभर टक्के करा हे सांगणं ठीक आहे, मीही सांगते. पण 'किंगमेकर' हा शब्द वापरणं आपण बंद करू या. ज्याची मतं कुठे पडणार हे सहा महिने आधीच दोन्ही बाजूंना माहीत असतं, त्याच्या दारात किंग येत नाही, फक्त प्रचाराची गाडी येते.

आणि ज्यांना आपण वर्षानुवर्षं गृहीत धरू दिलं, ती काँग्रेस इथे कशी चालते तेही बघा. शेखर शेंडे हे विधानसभेचे उपाध्यक्ष राहिलेल्या प्रमोद शेंडे यांचे चिरंजीव. शेजारच्या देवळीत 1999 पासून सलग जिंकत आलेले रणजित कांबळे हे प्रभा राव यांचे भाचे. आर्वीचे अमर काळे हे शरद काळे यांचे चिरंजीव. ते 2024 च्या लोकसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून खासदार झाले, तर सहा महिन्यांच्या आत आर्वीच्या विधानसभेला उमेदवार कोण? त्यांच्या पत्नी. जिल्ह्याने जूनमध्ये भाजपच्या रामदास तडसांना पाडलं आणि नोव्हेंबरमध्ये चारही आमदार भाजपचे दिले: वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट. कांबळेंचा पंचवीस वर्षांचा किल्लाही पडला. त्याच मतदारांनी सहा महिन्यांत असं केलं, याचा अर्थ इथला मतदार हलतो. 1991 ला तर याच जिल्ह्याने वसंत साठेंना हरवून मार्क्सवादी रामचंद्र घंगारेंना दिल्लीला पाठवलं होतं. हलत नाही तो फक्त आपला ओटा.

कुणी म्हणेल, ही मुलगी भाजपचा प्रचार करते आहे. थांबा, तिकडेही येते.

आधी 2014 ची एक गोष्ट. माझा मोठा भाऊ त्या वर्षी डिप्लोमाला लागणार होता. जुलैत बातमी आली, मुस्लिमांना 5 टक्के आरक्षण. अब्बांनी मिठाई आणली. पृथ्वीराज चव्हाणांच्या सरकारने तो अध्यादेश काढला होता, निवडणूक तीन महिन्यांवर असताना. मेहमूदुर रहमान समिती 2008 ला नेमली, तिचा अहवाल 2013 ला आला, आणि पंधरा वर्षं सत्तेत असलेल्यांना जाग आली 2014 च्या जुलैत. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, पण मुस्लिमांचं शिक्षणातलं 5 टक्के राहू दिलं. तोवर फडणवीस सरकार आलं होतं. त्यांनी अध्यादेशाचा कायदा केला नाही, तो मुदत संपून मेला. भोयर त्याच निवडणुकीत पहिल्यांदा आमदार झाले होते. त्या वेळी आपण त्यांच्याकडे गेलो का? न्यायालयाने ठेवलेलं आरक्षण तुमचं सरकार का सोडतंय, असं आपल्या नव्या आमदाराला सेलूतून एखाद्याने तरी लिहून विचारलं का? अब्बा म्हणतात, कोण विचारणार, तो आपला थोडाच होता. बरं, मग 2019 ते 2022 जे 'आपले' सरकारात होते, त्यांनी ते 5 टक्के परत आणलं का? नाही आणलं. त्यांनाही आपण विचारलं नाही. ते आपले होते ना, मग आपल्याच माणसाला लाजवायचं कसं?

म्हणजे परका आहे म्हणून विचारायचं नाही आणि आपला आहे म्हणूनही विचारायचं नाही. माझा भाऊ खुल्या प्रवर्गातून, जास्त फी भरून शिकला. मिठाईचा डबा मात्र आमच्या घरी अजून आहे, अम्मी त्यात सुया-दोरे ठेवते.

आता 2024. जुलैत 'लाडकी बहीण' आली आणि आमच्या गल्लीत ज्यांना मोबाइल नीट चालवता येतो अशा मुलींचं काम वाढलं. 'नारीशक्ती दूत' नावाचं ॲप होतं, दिवसा चालायचंच नाही. मी रात्री अकरानंतर बसायचे. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, हमीपत्रावर सही आणि शेवटी बाईचा लाइव्ह फोटो. ओढणी सारखी करून खाला कॅमेऱ्यासमोर बसायच्या तेव्हा लग्नाच्या फोटोला बसल्यासारख्या गंभीर व्हायच्या. चाळीसहून जास्त फॉर्म मी भरले. रक्षाबंधनाच्या आधी दोन हप्त्यांचे मिळून 3,000 रुपये बहुतेकींच्या खात्यात आले. आणि त्याच हंगामात राज्यभर 'व्होट जिहाद' हा शब्द फिरत होता, उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री येऊन 'बटेंगे तो कटेंगे' सांगत होते. ऑक्टोबरमध्ये आचारसंहितेच्या काही दिवस आधी याच सरकारने मदरशांतल्या डीएड शिक्षकांचं मानधन 6,000 वरून 16,000 केलं, मौलाना आझाद महामंडळाचं भांडवल 700 कोटींवरून 1,000 कोटी केलं. भाषणात आपण धोका आणि फाइलीत आपण लाभार्थी! मला यातून एवढंच कळलं की 'त्यांना आपली गरज नाही' हे सरसकट खरं नाही. त्यांना आपली गरज गप्प लाभार्थी म्हणून आहे. बायांनी पैसे घ्यावेत, पुरुषांनी ओट्यावर बसावं, आणि सभेत आपल्या नावाने टाळ्या घेता याव्यात. 1 एप्रिल 2019 ला खुद्द वर्ध्यात पंतप्रधानांनी, राहुल गांधी बहुसंख्याक जिथे अल्पसंख्य आहेत तिथे पळाले, अशा अर्थाचं भाषण केलं होतं. गांधींच्या सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही त्यावर पोस्ट टाकल्या, इमोजी टाकले.

भोयर साहेबांवर माझा खरा आक्षेप इथे सुरू होतो. जुलै 2025 च्या पावसाळी अधिवेशनात गृह राज्यमंत्री म्हणून त्यांनीच सांगितलं की धर्मांतरविरोधी कायदा येणार आणि तो इतर राज्यांपेक्षा कडक असेल. त्याआधी फेब्रुवारीत सरकारने 'लव्ह जिहाद'च्या तक्रारींसाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली होती. 'इतर राज्यांपेक्षा कडक' म्हणजे काय, याचा विचार करा. उत्तर प्रदेशच्या कायद्यात धर्म बदलण्याच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जबरदस्ती झाली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. 2024 च्या दुरुस्तीनंतर तिथे कुणीही तिसरा माणूस तक्रार करू शकतो. याहून कडक काय करणार? सज्ञान मुलीने कुणाशी लग्न करावं, कशावर श्रद्धा ठेवावी, हे ती सोडून बाकी सगळे ठरवणार. मग ती मुलगी हिंदू असो, बौद्ध असो की माझ्यासारखी. हे मला मान्य नाही. आणि हे मी ज्याला सांगायला हवं तो माणूस दिल्लीत किंवा मुंबईत बसलेला कुणी अनोळखी नाही. तो माझा आमदार आहे, वीसेक किलोमीटरवर वर्ध्यात राहतो. त्याने शपथ घेतली आहे ती ममत्व किंवा आकस न बाळगता काम करण्याची.

सेलू-वर्ध्यातल्या किती मुस्लिम तरुणांनी या विषयावर आपल्या आमदाराला साधं पत्र लिहिलं? मी विचारत फिरले. मला एकही सापडला नाही. स्टोरी टाकणारे खूप सापडले.

आपल्यातले दुसऱ्या टोकाचे काही म्हणतात, आपला स्वतःचा नेता हवा, त्याशिवाय काही नाही. चांगलं आहे, असावा. विदर्भात 62 जागा, त्यात 2024 ला आपला एकच आमदार आला, अकोला पश्चिममधून काँग्रेसचे साजिद खान पठाण, तेही 1,283 मतांनी. पण ते एका रात्रीत आले नाहीत. महापालिकेत विरोधी पक्षनेते होते, 2019 ला पडले, तरी शहर सोडलं नाही. नाली, पाणी, कर हे विषय त्यांना पाठ होते. आणि त्याच निवडणुकीत नागपूरला काय झालं? तीनदा आमदार, मंत्री राहिलेले अनीस अहमद काँग्रेस सोडून वंचितकडे गेले, मध्य नागपूरचं तिकीट मिळवलं, आणि 29 ऑक्टोबरला, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनची वेळ टळल्यावर टेबलापर्यंत पोचले. अर्ज भरलाच गेला नाही. कारणं त्यांनी सांगितली, ती असतील खरी. पण त्या दिवशी आमच्या गल्लीतसुद्धा लोक त्यांच्यासाठी हळहळत होते, इतकी वर्षं झाली तरी. नेता आपला असला तरी घड्याळ आणि कागद कुणाच्या बापाचे नसतात. आणि आपण नेमके कागदातच कच्चे आहोत.

कागदावरून आमच्या खालाची गोष्ट. तिचं घर आहे, चाळीस वर्षांपासून आहे, पण जागा सरकारी. पट्टा नाही. पट्टा नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून दर पावसाळ्यात ताडपत्री. गल्लीत अशी आणखी घरं आहेत. 1 जानेवारी 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करण्याचे शासन निर्णय 2018 मध्येच निघाले. मी मागच्या उन्हाळ्यात एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं की आमच्या गल्लीतल्या पट्ट्यांचं काय झालं. तिथल्या बाबूने रजिस्टर उघडलं, पानं उलटली आणि शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्याकडून अर्जच नाही."

मी परत परत विचारलं. घरी येऊन चाचांना विचारलं, मशिदीच्या कमिटीतल्या दोघांना विचारलं. सगळे म्हणाले, दिला असेल. कुणी दिला, कधी दिला, पोच कुठे आहे? कुणाकडेच काही नाही. दहा वर्षं आम्ही सांगत होतो की आम्हाला मुसलमान म्हणून पट्टे देत नाहीत. कदाचित अर्ज दिला असता तरी दिले नसते, मी नाही म्हणत नाही. भेदभाव होतो, आणि तो मीही पाहिला आहे. पण नाकारायलासुद्धा समोर कागद लागतो. तो नसेल तर उद्या कोर्टात आपण काय दाखवणार, चाचांचा ओटा?

माझी एक मैत्रीण नागपूरला वकिली शिकते. तिचं म्हणणं वेगळं आहे. ज्या मंत्र्याने असा कायदा आणण्याची घोषणा केली त्याच्याकडे पट्ट्याचा अर्ज घेऊन जाणं म्हणजे त्याच्यापुढे वाकणं, असं ती म्हणते. यावर आम्ही फोनवर तासभर भांडलो. तिचा मुद्दा मी हलका मानत नाही, सत्कार-शालींचं राजकारण कुठे नेतं ते आपण पाहिलं आहे. पण अर्ज म्हणजे शाल नव्हे. पट्टा ही काही आमदाराची मेहेरबानी नाही, शासन निर्णय आहे. तो मागताना मला मान खाली घालायची गरज नाही, आणि त्याच लिफाफ्यात दुसरं पत्र घालायलाही मला कुणाची परवानगी नको. मी दोन्ही लिहिणार. एक पट्ट्यांसाठी, एक त्या कायद्याविरुद्ध. पहिल्याच्या भीतीने दुसरं लिहिणार नाही असं झालं तर ती म्हणते ते खरं ठरेल.

नगरपंचायतीचंही तेच. 17 प्रभाग, एकेका प्रभागात काही शे मतं, तिथे पंचवीस-तीस मतांवर माणूस पडतो. विधानसभेत नसलेली ताकद तिथे आपल्याकडे आहे. पण आपली पोरं विधानसभेच्या निकालावर रात्र-रात्र जागतात आणि स्वतःच्या प्रभागाची मतदार यादी कधी उघडत नाहीत. माझ्या ओळखीच्या तीन मुलींची नावं लग्नानंतर माहेरच्या यादीतून कमी झाली आणि सासरच्या यादीत लागलीच नाहीत. फॉर्म नंबर 6 भरायला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारे सगळे 'व्होट जिहाद'वर चर्चा करत होते.

पहिला अर्ज मी ऑगस्टमध्ये दिला. सात सह्या होत्या, त्यातल्या सहा बायकांच्या. ज्यांचे लाडकी बहीणचे फॉर्म मी भरले होते त्याच. पुरुष म्हणाले, बघू. आवक क्रमांक पडला, शिक्क्याची पोच मिळाली, तिची झेरॉक्स मी खालाच्या रेशनकार्डाला लावून ठेवली. दीड महिन्याने उत्तर आलं की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे. मी तिकडे स्मरणपत्र दिलं, प्रत पालकमंत्री कार्यालयाला. धर्मांतर कायद्यावरचं पत्र वेगळं, त्याच दिवशी, रजिस्टर पोस्टाने. त्यावर चार सह्या. ते अवघड गेलं. दोन मुलींच्या घरून सही काढून घ्यायला सांगितलं गेलं. एकीने काढली, एकीने नाही काढली.

पट्ट्यांच्या दुसऱ्या अर्जावर आता एकतीस सह्या आहेत. परवा चाचा स्वतः आले. चष्मा विसरले होते, मला वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "उसके नाम के आगे 'माननीय' लिखना जरूरी है क्या?" मी म्हटलं, हो चाचा, पद्धत आहे, सगळ्यांना लिहितात. मग त्यांनी पेन घेतला, उर्दूत सही केली आणि खाली मराठीत पूर्ण नाव लिहिलं.